उजवीकडची गाठ, डावीकडची गाठ

जबलपुरात गोरखपूरहून मेडिकलकडे निघालं की नागपूर रोडला, गढ्याच्या बाजूला, राष्ट्रीय जनजाती स्वास्थ्य अनुसंधान संस्था आहे. 1984 पासून इथे असलेल्या या संस्थेने सिकलसेलवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यामुळे जनुकातल्या एका अक्षराने माणसाचं आयुष्य बदलतं, हे महाकोशलातल्या लोकांना नवीन नाही. हिमोग्लोबिन बनवण्याची माहिती ज्या जनुकात असते, तिथे एका ठिकाणी जीएजी ही तीन अक्षरं असायला हवीत. सिकलसेलमध्ये तिथे जीटीजी असतं. मधलं एकच अक्षर बदललं, म्हणून ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बी-रॅफ नावाच्या जनुकात एक बदल सापडतो. या प्रथिनाच्या 600 व्या जागी व्हॅलिन असतं, म्हणजे जनुकात जीटीजी. कर्करोगाच्या पेशीत तिथे जीएजी होतं आणि व्हॅलिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल बसतं. सिकलसेलमध्ये घडतं त्याच्या बरोबर उलट. तीच तीन अक्षरं, तीच दोन अमिनो आम्लं, फक्त दिशा फिरलेली. मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं, कारण एका अक्षराला स्वतःचा असा काही गुण-दोष नसतो, तो त्याच्या जागेवर ठरतो, हे यातून लख्ख दिसतं.

दोन्हींत एक मोठा फरक मात्र आहे, आणि घरोघरी नेमका तिथेच घोळ होतो. सिकलसेलचा बदल आईवडिलांकडून येतो आणि अंगातल्या प्रत्येक पेशीत जन्मापासून असतो. बी-रॅफचा बदल जन्मानंतर केव्हातरी, आतड्यातल्या एखाद्याच पेशीत घडतो. त्या पेशीची पिल्लावळ म्हणजे गाठ. बाकी शरीराला त्याचा पत्ताही नसतो, आणि मुलाबाळांकडे तो जात नाही. कर्करोग हा जनुकांचा आजार आहे असं डॉक्टर म्हणतात तेव्हा ‘आता मुलांना पण होणार का?’ हा प्रश्न लगेच येतो. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत त्याचं उत्तर ‘असं नाही’ हे आहे. थोड्यांच्या बाबतीत ते ‘होऊ शकतो’ असं असतं. हे थोडे कोण, हे गाठीच्या रूपावरून बऱ्याचदा ओळखता येतं, आणि हा लेख लिहावासा वाटला तो मुख्यतः त्यासाठी.

मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर म्हणजे लाखो बारीक खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मोजक्या मूळपेशी असतात. त्या विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत झडून शौचावाटे निघून जातात. इतक्या वेगाने नवं होणारे अवयव शरीरात फार नाहीत. प्रत्येक विभागणीत सहा अब्ज अक्षरांची नक्कल करावी लागते. चुका होणारच. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात किंवा त्या पेशीबरोबरच झडून जातात. मूळपेशीत झालेली चूक मात्र टिकते.

अशा चुका साधारण कोणत्या क्रमाने साठतात याचं चित्र 1990 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एरिक फिअरॉन आणि बर्ट वोगेलस्टीन यांनी मांडलं. पहिली पायरी बहुधा एपीसी या जनुकाची. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन ‘विभागत राहा’ असा संदेश देतं, आणि त्याचा वेळच्या वेळी नायनाट करणं हे एपीसीचं काम. एपीसीच्या दोन्ही प्रती बिघडल्या की तो संदेश थांबत नाही. वर सरकून झडायच्या ऐवजी पेशी तिथेच साचतात आणि अस्तरावर कोंब उगवतो. हाच पॉलिप. दहातल्या आठ गाठींत एपीसी बिघडलेलं सापडतं. पुढे के-रास हे जनुक बदललं की कोंब मोठा होतो. मग 18 व्या गुणसूत्रावरचं स्मॅड4 जातं, 17 व्या गुणसूत्रावरचं टीपी53 जातं. टीपी53 शाबूत असेल तर फार बिघडलेली पेशी स्वतःला संपवते. ते गेलं की पेशी वाटेल तशी विभागते, गुणसूत्रांचे तुकडे होतात, काही दुप्पट होतात, काही हरवतात. कोंबापासून कर्करोगापर्यंतच्या या वाटचालीला साधारण दहा वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत पॉलिप काढून टाकला की कर्करोग टळतो तो या दहा वर्षांच्या अवधीमुळेच.

या वाटेने आलेली गाठ बहुतेकदा डाव्या बाजूला सापडते, म्हणजे उतरतं आतडं, त्याखालचं वळण आणि गुदाशय या भागात. तिथे आतडं अरुंद असतं आणि मळ घट्ट झालेला असतो. गाठ आतड्याला कड्यासारखी वेढते, शौचाच्या सवयी बदलतात, रक्त दिसतं. आपल्याकडे हे रक्त सर्रास मूळव्याधीच्या खात्यावर टाकलं जातं. घरात चूर्ण असतं, कुणीतरी एखादा हमखास उपाय सांगतं आणि सहा महिने निघून जातात. मूळव्याध असणाऱ्या माणसालाही गाठ होऊ शकते. म्हणून चाळिशीनंतर रक्त दिसलं तर बोटाने तपासणी आणि दुर्बीण झाल्याशिवाय मूळव्याधीचं नाव घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरुण वयातही रक्त थांबत नसेल तर तेच.

उजव्या बाजूची कथा निराळी. गर्भात आतडं घडतं तेव्हाच उजवा आणि डावा भाग वेगवेगळ्या मुळांतून येतो. उजवीकडे आतडं रुंद आणि मळ पातळ, त्यामुळे गाठ बरीच वाढली तरी अडथळा येत नाही. रक्त थेंबाथेंबाने जातं आणि मळात मिसळून दिसेनासं होतं. माणसाला फक्त थकवा जाणवतो. साठीतल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन आठावर आलेलं असतं, लोहाच्या गोळ्या सुरू होतात, ते थोडं वर चढतं, पुन्हा उतरतं. या वयात लोहाची कमतरता का झाली हे शोधताना आतडं तपासायलाच हवं. पाळी थांबलेल्या बाईच्या बाबतीतही तेच. रक्त कमी असण्याची सवय झालेल्या आपल्या भागात हे फार वेळा राहून जातं.

उजवीकडच्या अनेक गाठींची सुरुवात एपीसीपासून होतच नाही. तिथे अस्तरावर एक चपटा, जवळजवळ अस्तराच्याच रंगाचा उंचवटा येतो. त्यावर श्लेष्माचा पातळ थर असतो, म्हणून पोट नीट साफ झालेलं नसेल तर कोलोनोस्कोपीतही तो नजरेतून सुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या ग्रंथींच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात. बी-रॅफचा तो जीएजी इथे सापडतो. या पेशींत आणखी एक गोष्ट घडते. डीएनएवर मिथाइल गट चढत जातात आणि काही जनुकं अक्षर न बदलताच बंद पडतात. त्यात एमएलएच1 बंद पडलं, की गाठीचा सगळा स्वभावच बदलतो.

एमएलएच1 हे छापखान्यातल्या मुद्रितशोधकाचं काम करतं. एमएसएच2, एमएसएच6 आणि पीएमएस2 ही त्याची सोबती जनुकं. नक्कल करताना राहिलेल्या चुका ही चौघं मिळून शोधतात आणि दुरुस्त करतात. एकच अक्षर ओळीने अनेकदा येतं अशा जागी चूक व्हायची शक्यता सर्वांत जास्त. टीजीएफबीआर2 नावाच्या जनुकात एके ठिकाणी ‘ए’ हे अक्षर लागोपाठ दहा वेळा येतं. नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडखळते आणि दहाच्या जागी नऊ ‘ए’ पडतात. दुरुस्ती चालू असेल तर ती चूक लगेच निघते. बंद असेल तर तशीच राहते. अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचली जातात, त्यामुळे एक गळालं की पुढचे सगळे गट सरकतात आणि भलतंच, अर्धवट प्रथिन तयार होतं. टीजीएफबीआर2 हे वाढीला आवर घालणारं प्रथिन, तेच निकामी होतं. असे घोटाळे त्या पेशीत शेकड्याने, हजाराने होतात.

मोठ्या आतड्याच्या शंभरातल्या पंधराएक गाठी या प्रकारच्या असतात. काचेवर त्या वेगळ्या दिसतात. पेशी ओबडधोबड असतात, ग्रंथींचा आकार हरवलेला असतो, श्लेष्माची तळी साचलेली असतात. हे पाहून ही गाठ जास्त वाईट असं वाटावं. पण गाठीच्या पेशींमध्ये घुसलेल्या बारीक, गडद निळ्या पेशी दिसतात. त्या लिम्फोसाइट, म्हणजे शरीराच्या बचावातल्या पेशी. गाठीच्या कडेलाही त्यांचे पुंजके जमलेले असतात. याचं कारण वरच्या घोटाळ्यातच आहे. अक्षरं सरकून बनलेली भलती प्रथिनं शरीराने कधी पाहिलेली नसतात, म्हणून बचावयंत्रणा त्यांना परकं म्हणून ओळखते. सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेल्या अशा गाठींचा परिणाम इतर गाठींपेक्षा चांगला असतो. दुसऱ्या टप्प्यात शस्त्रक्रियेनंतर एकट्या फ्लुओरोयुरॅसिलच्या केमोथेरपीचा त्यांना फायदा होत नाही, त्यामुळे ती टाळता येते.

2015 साली जॉन्स हॉपकिन्समधूनच एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेल्या आणि इतर औषधांना न जुमानणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब दिलं होतं. हे औषध लिम्फोसाइटवरचा लगाम सोडतं. ज्यांच्या आतड्याच्या गाठीत दुरुस्ती बंद होती अशा 10 जणांपैकी 4 जणांची गाठ आकसली. ज्यांची दुरुस्ती शाबूत होती अशा 18 जणांपैकी एकाचीही आकसली नाही. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून दुरुस्ती बंद असलेल्या गुदाशयाच्या गाठींवरचा अभ्यास आला. त्याच जातीचं डोस्टार्लिमॅब दिलेल्या पहिल्या 12 ही रुग्णांची गाठ संपूर्ण नाहीशी झाली. त्यांना ना शस्त्रक्रिया लागली, ना किरणोपचार. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कर्करोगावर रामबाण’ म्हटलं. गुदाशयाच्या गाठींत हा प्रकार शंभरातल्या फार थोड्यांत सापडतो, हे त्या बातम्यांत खाली कुठेतरी होतं किंवा नव्हतंच.

औषधाच्या दृष्टीने के-रासचं महत्त्व वेगळं आहे. शंभरातल्या चाळीसएक गाठींत ते बदललेलं असतं, बहुधा 12 व्या किंवा 13 व्या जागी. पेशीच्या पृष्ठभागावरून वाढीचा संदेश आत येतो तो ईजीएफआरमार्फत, आणि के-रास तो पुढे नेतं. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही औषधं ईजीएफआर झाकतात. पण के-रास स्वतःच कायमचं चालू झालं असेल तर वरून झाकून काय उपयोग? 2008 च्या सुमारास हे सिद्ध झालं आणि तेव्हापासून के-रास तपासल्याशिवाय ही महाग औषधं द्यायची नाहीत असा नियम पडला. रुग्णाचे लाखो रुपये वाचवणारी तपासणी म्हणून तिच्याकडे पाहावं.

बी-रॅफचं कोडं आणखी वळणाचं. त्वचेच्या मेलॅनोमात हाच जीएजी असतो आणि बी-रॅफ रोखणारी गोळी तिथे गाठ झपाट्याने वितळवते. आतड्यात तीच गोळी एकटी दिली तर जवळजवळ काहीच होत नाही. 2012 मध्ये ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी कारण दाखवलं. बी-रॅफ रोखलं की आतड्याची पेशी ईजीएफआर चालू करून वाट बदलते. मेलॅनोमाच्या पेशीत ईजीएफआर फारसं नसतंच. म्हणून आता आतड्यासाठी एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब ही दोन्ही एकत्र देतात. अक्षर तेच, पेशी वेगळी, म्हणून उपचारही वेगळा.

आपल्या देशात मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी आहे. तरी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने आपल्या 800 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचं सरासरी वय सुमारे 47 निघालं. पाश्चात्त्य देशांत ते साठीच्या पुढे असतं. आपली लोकसंख्याच तरुण आहे आणि अनेक वृद्धांना मुंबईपर्यंत कुणी नेत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नाही. आणखी एक गोष्ट तिथल्या डॉक्टरांना सतत दिसते. पेशीत श्लेष्मा इतका साचतो की केंद्रक एका कडेला ढकललं जातं आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. हा सिग्नेट रिंग प्रकार पाश्चात्त्य नोंदींत शंभरात एखादा असतो. इथे तो त्याच्या कितीतरी पट सापडतो, आणि तोही तरुणांत. तो वाईट असतो. पोटाच्या पडद्यावर पसरतो आणि उशिरा कळतो. याच्यामागे एखादं ठरावीक जनुक आहे असं सरळ सांगता येत नाही. रूप आणि जनुक यांची सांगड इथे सैल पडते, आणि तिची उकल भारतातच व्हायला हवी, कारण रुग्ण इथे आहेत.

टाटा मेमोरियल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घेतली. हाताशी होती काच, दोन रंग आणि सूक्ष्मदर्शक. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्याकडे शिकल्या. त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांच्या नात्याचा शोध त्या काळात सुरू केला. आज जनुकवाचनाची यंत्रं आली आहेत, पण काच नीट पाहणाऱ्या डोळ्यांची गरज संपलेली नाही.

जबलपूरहून रुग्ण नागपूरला किंवा मुंबईला जातो, तेव्हा नातेवाइकांच्या पिशवीत एक चौकोनी प्लॅस्टिकची डबी असते. आत मेणाचा तुकडा आणि त्यात गाठीचा करडा-पिवळट कण. हा ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चढवतात, त्यातूनच रंगांच्या तपासण्या होतात आणि त्यातूनच डीएनए काढतात. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. दवाखान्यातून तो मागून घ्यावा, पावती जपावी आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत सोडू नये, कारण मेण मऊ पडतं. त्या तुकड्यात पुढच्या पिढीसाठीही माहिती असते.

1895 साली मिशिगनमधल्या ऑल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजीच्या प्राध्यापकांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, की आमच्या घरात सगळे कर्करोगानेच जातात आणि मीही तशीच जाईन. ती तरुणपणीच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या कुटुंबाची वंशावळ जमवली आणि 1913 मध्ये छापली. पुढे ओमाहाच्या हेन्री लिंच यांनी अशाच घराण्यांचा पाठपुरावा आयुष्यभर केला, म्हणून या दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. वर सांगितलेल्या चार दुरुस्ती-जनुकांपैकी एकाची बिघडलेली प्रत जन्मतःच मिळते. शंभर रुग्णांत असे तीनएक. त्यांना आतड्याचा कर्करोग लवकर होतो आणि बायकांना गर्भाशयाचाही.

आपल्या घरांत हे दुवे जुळत नाहीत याचं एक साधं कारण आहे. आत्याची ‘पिशवी काढली’ एवढंच सांगितलं जातं. का काढली, बायप्सीत काय आलं, हे पुतण्याला माहीत नसतं. आजोबा ‘पोटाच्या आजाराने’ गेलेले असतात. काकांचं ऑपरेशन झालेलं असतं. डॉक्टर घराण्यात कुणाला कॅन्सर होता का विचारतात तेव्हा माणूस मनापासून ‘नाही’ म्हणतो. कागद वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या कपाटांत पडलेले असतात. अशी माहिती लपवण्यात कसली इभ्रत राखली जाते हे मला कधीच पटलेलं नाही.

म्हणून मोठ्या आतड्याच्या प्रत्येक गाठीवर, रुग्णाचं वय किंवा घराणं काहीही असो, या चार दुरुस्ती-जनुकांच्या प्रथिनांची रंगतपासणी व्हावी असा आता जगभर आग्रह आहे. ती संपूर्ण जनुकवाचनापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते आणि ज्या ब्लॉकवर निदान झालं त्यावरच होते. प्रथिन असेल तिथे केंद्रकं तपकिरी दिसतात, नसेल तिथे फक्त निळी. एमएलएच1 नसेल तर पुढे बी-रॅफ पाहतात. तो जीएजी सापडला की दोष वयाबरोबर आलेला, जवळजवळ निश्चित आनुवंशिक नाही. न सापडल्यास, किंवा एमएसएच2 वा एमएसएच6 हरवलं असेल तर, रुग्णाचं रक्त घेऊन लिंच तपासायला हवं. या चार नावांची ओळ बायप्सीच्या रिपोर्टात नसेल तर ती मागावी.

रक्तात दोष सापडला तर भाऊ, बहीण, मुलं यांची तपासणी सोपी होते, कारण नेमकी कुठली जागा पाहायची हे ठरलेलं असतं. प्रत्येकाकडे तो दोष असण्याची शक्यता निम्मी. ज्यांच्याकडे आहे त्यांनी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायची, कारण त्यांचा पॉलिप दहा वर्षं वाट पाहत नाही, दोन-तीन वर्षांतही बदलू शकतो. रोज ॲस्पिरिन घेतल्याने त्यांचा धोका कमी होतो असं दीर्घ अभ्यासांत दिसलं आहे, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ज्यांच्याकडे तो दोष नाही, त्यांचा धोका चारचौघांइतकाच. त्यांना दरवर्षीच्या तपासण्या नकोत, आणि तो दोष त्यांच्या मुलांकडेही जाणार नाही.